मुकी बाहुली, बोलकी तारामती



मी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शिवेवरच्या गावांत बचत गटांचं काम बघते. हप्ता, कर्ज, नोंदवही, बैठक, हेच माझं रोजचं बोलणं. आजचा विषय ऐकून मात्र तुम्ही म्हणाल, ताईला झालं तरी काय? आज मी गेमबद्दल बोलणार आहे. लेकरं खेळतात ना, त्या मोबाईलवरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या गेमबद्दल. 'फार खेळू नका, डोळे जातील' हे मी सांगणार नाही. ते तुम्ही दिवसातून दहा वेळा सांगताच. माझा प्रश्न वेगळा आहे. बऱ्याच गेममधला नायक मुका असतो. त्याला आवाज द्यावा की नाही?

हसू नका. मलाही आधी हसूच आलं होतं.

झालं असं. दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला होता. तो कॉम्प्युटरचं शिकतो. सोयाबीनची रास होऊन गेलेली, घरात जरा निवांतपणा होता. त्याने लॅपटॉपवर माझ्या मुलाला एक गेम लावून दिला. नाव हाफ-लाइफ. १९९८ सालचा जुनाच गेम आहे. त्यात गॉर्डन नावाचा एक चष्मेवाला शास्त्रज्ञ आहे. त्याच्या प्रयोगशाळेवर संकट येतं आणि त्याला तिथून जीव वाचवून बाहेर पडायचं असतं. मी तांदूळ निवडत बाजूला बसले होते. बघते तर काय, समोरची माणसं त्याला सांगतात, 'गॉर्डन, हे कर', 'गॉर्डन, तिकडे जा', आणि हा गडी हूं की चूं करत नाही. सांगितलेलं काम मुकाट्याने करतो.

मी मुलाला म्हटलं, "हा मुका हाय का रं? सासरी आलेल्या नव्या सुनेसारखा नुसता कामच करायलाय."

तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "मम्मी, तो मुका नाही. तो मीच हाय. मी बोलायलोय की."

आणि खरंच, तो बोलत होता. 'अरे बापरे', 'आता कुठं जाऊ', 'थांब तुला दाखवतो' असं त्याचं एकसारखं चाललं होतं. गॉर्डनचं तोंड बंद होतं म्हणून माझ्या लेकराचं तोंड उघडं होतं.

भाच्याने मग मला सगळं समजावून सांगितलं. जुन्या यंत्रांत जागाच इतकी कमी असायची की माणसाचा बोलका आवाज भरणं अवघड होतं. म्हणून नायक मुके. पुढे यंत्रं मोठी झाली, आवाज भरता यायला लागला, तरी काही नायक मुकेच राहिले. जपानमध्ये १९८६ साली झेल्डा नावाचा गेम निघाला. त्यातल्या नायकाचं नाव लिंक, म्हणजे दुवा. खेळणारा आणि खेळ यांच्यामधला दुवा. त्या मालिकेतल्या २०१७ सालच्या गेममध्ये बाकीची पात्रं आवाजात बोलतात, पण लिंक अजून मुकाच आहे. त्याला आवाज द्यावा, असं एक बाजू म्हणते. दुसरी बाजू म्हणते, अजिबात नको, तो बोलला की तो 'मी' राहणार नाही, दुसराच कुणीतरी होईल. काही ठिकाणी हा बदल लगेच झाला. जीटीए या मालिकेत २००१ सालच्या गेमचा नायक मुका होता. पुढच्याच वर्षी व्हाइस सिटी आला आणि त्याच्या नायकाला रे लिओटा या हॉलिवूडच्या नटाने आवाज दिला. आपल्या तालुक्याच्या नेट कॅफेत पोरं तासाचे पैसे मोजून खेळायची, तोच हा गेम.

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. म्हणून पुढच्या गुरुवारी मारुतीच्या सभामंडपात गटाची बैठक होती, तिथे हप्ते गोळा झाल्यावर मी तो मांडला.

आधी सगळ्या खो खो हसल्या. मग गटातल्या थोरल्या मावशी म्हणाल्या, "ह्यात काय अवघड हाय? आपली चिंध्यांची बाहुली कुठं बोलत होती?"

सगळ्या गप्प झाल्या, कारण सगळ्यांना ती बाहुली आठवली. जुन्या लुगड्याचा तुकडा, आत कापूस, काजळाचे डोळे. तिला तोंड होतं ते नुसती एक रेघ. पण भातुकलीत ती किती बोलायची! एका दुपारी ती नवरी व्हायची, दुसऱ्या दुपारी तीच सासू व्हायची आणि सुनेला बोलायची. तिचं बोलणं म्हणजे आपलंच बोलणं. घरात जे बोलता येत नव्हतं ते बाहुलीच्या तोंडून बोलायचो. मावशी पुढे म्हणाल्या, "नातीला जत्रेतून बाहुली आणली. पोट दाबलं की गाणं म्हणते. चार दिवस नात दाबत बसली. पाचव्या दिवशी बाहुली कोपऱ्यात. ती एकच गाणं म्हणते, मग पोरीनं काय बोलावं?"

मला वाटलं, झालं, निकाल लागला. नायक मुकाच बरा.

पण आमच्या गटाच्या सचिव ताई शिकलेल्या आहेत, त्या पटकन मान्य करत नाहीत. त्या म्हणाल्या, "बाहुली ही बाहुली हाय. पण गोष्ट जर एखाद्या बाईची असंल, आणि तिला बोलूच दिलं नाही, तर ते बरोबर हाय का?"

तेव्हा मला तारामती आठवली. ही गोष्ट मी बीएला असताना वाचली होती, ती तुम्हालाही सांगते.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. तो मूकपट होता. पडद्यावर चित्रं हलायची, मध्ये मध्ये पाट्यांवर मजकूर यायचा. राजा हरिश्चंद्राची राणी तारामती, जिने राज्य गेल्यावर नवऱ्याबरोबर वनवास काढला, जिचं लेकरू गेलं, ती तारामती त्या सिनेमात बोलत नव्हती. एवढंच नाही, ती बाईसुद्धा नव्हती. सिनेमात काम करायला तेव्हा कुणी बाई तयार होईना, म्हणून हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. त्यांनीच पुढे १९१७ साली 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता ही दोन्ही कामं केली. म्हणजे बघा, बाईची गोष्ट, पण बाईचं अंग नाही आणि बाईचा आवाजही नाही.

मग १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' हा आपल्या देशातला पहिला बोलपट आला. आणि १९३२ साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने, व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली, तीच हरिश्चंद्राची गोष्ट पुन्हा काढली. 'अयोध्येचा राजा'. पहिला मराठी बोलपट म्हणून तो ओळखला जातो. हिंदीतही निघाला. त्यात तारामती झाल्या दुर्गा खोटे. एकोणीस वर्षांपूर्वी जी तारामती पुरुषाच्या अंगाने आणि बंद तोंडाने उभी होती, ती आता बाईच्या अंगाने, बाईच्या आवाजात, मराठीत बोलायला लागली. तेव्हाही कुणाला वाटलं असेल, मूकपटच बरा होता, आपल्या मनाने काहीही कल्पना करता येत होती. पण तारामतीच्या बाजूने विचार करा. लेकराच्या प्रेतापाशी बसलेल्या आईला आवाज नको का?

बोलपटाने कुणाचं नुकसान केलं नाही असं नाही. मूकपटातल्या मोठ्या नायिका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स, यांना हिंदुस्तानी नीट बोलता येत नव्हतं. त्यांना काम थांबवून भाषा शिकावी लागली, मग त्या परत आल्या. आवाज आला की भाषेचा प्रश्न येतोच. तो मी पुढे घेते.

मी ही गोष्ट सांगितली तेव्हा मला वाटलं, आता निकाल दुसऱ्या बाजूने लागला. बाईला आवाज द्यायलाच पाहिजे. घरी येऊन भाच्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, तुला सॅमसची गोष्ट माहीत नाही." आणि त्याने जी गोष्ट सांगितली तिने माझी झोप उडवली.

१९८६ सालीच जपानमध्ये मेट्रॉइड नावाचा गेम आला. त्यात डोक्यापासून पायापर्यंत चिलखत घातलेला एक योद्धा एकटा परग्रहावर जातो आणि राक्षसांशी लढतो. बोलत काही नाही. खेळणारी पोरं त्याला पुरुषच समजायची. जो कुणी गेम चटकन पूर्ण करेल, त्याला शेवटी तो योद्धा चिलखत उतरवून दाखवायचा. आणि आत असायची एक बाई! तिचं नाव सॅमस. कितीतरी वर्षं ती अशीच, न बोलता, कुणालाही न विचारता लढत राहिली. बघणाऱ्याला वाटायचं, ही कुणाला भीत नाही.

मग २०१० साली मेट्रॉइड मालिकेतला अदर एम नावाचा गेम आला. त्यात सॅमसला भरपूर आवाज दिला, ती सारखी बोलते. पण बोलते काय? तिचा एक जुना वरिष्ठ अधिकारी असतो. सगळी हत्यारं तिच्या अंगावरच आहेत, तरी तो 'वापर' म्हणेपर्यंत ती वापरत नाही. एका ठिकाणी तर भयंकर उष्णतेच्या भागात ती भाजत पुढे जाते. उष्णतेपासून वाचवणारं चिलखत तिच्याजवळ आहे, पण साहेबांची परवानगी आली नाही म्हणून ते ती चालू करत नाही. हे पाहून तिच्या कितीतरी चाहत्यांना राग आला. ते म्हणाले, मुकी होती तेव्हा वाघीण होती, तोंड उघडलं आणि हिचं काय झालं?

मैत्रिणींनो, माझ्या डोळ्यांपुढे तर आपल्या कितीतरी ग्रामपंचायती आल्या. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींत निम्म्या जागा बायांच्या आहेत. खुर्ची तिची, सही तिची, अधिकार कायद्याने तिच्या अंगावर आहेत. पण काही ठिकाणी अजून ती नवऱ्याकडे बघते आणि नवरा म्हणेल तेच बोलते. आवाज मिळाला, शब्द मात्र दुसऱ्याचे.

दुसऱ्याला कशाला बोल लावू? मीही तेच केलं आहे. आज ते सांगण्यासाठीच खरं तर एवढं गेमचं पुराण लावलं.

माझ्या एका गटात एक विधवा बाई आहे. कमी बोलणारी. पहिल्या दोन वर्षांत बैठकीत तिचा आवाज मी ऐकला तो फक्त 'हजर' एवढाच. गटाला बँकेचं कर्ज मंजूर व्हायची वेळ आली. साहेबांनी एकेकीला विचारलं, पैसे कशासाठी पाहिजेत? तिची पाळी आली तशी तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, घाबरली बिचारी. मी पुढे झाले आणि तिच्या वतीने बोलले. म्हटलं, शेळ्या घेईल. शेतकरी घरातली बाई, दारात जागा आहे, वर्षाला पिल्लं होतील, हिशेब असा असा. साहेब खूश झाले. मी पण खूश. चांगलं बोललं की माणूस स्वतःवरच खूश होतो.

शेळ्या आल्या. पावसाळ्यात रोग आला आणि दोन शेळ्या मेल्या. हप्ता मात्र तिने एकही चुकवला नाही. लोकांच्या सोयाबीनमध्ये खुरपायला जाऊन फेडला. दीड वर्षाने एकदा संध्याकाळी रानातून येताना आम्ही दोघी बरोबर चालत होतो. तेव्हा ती सहज म्हणाली, "ताई, मला शिलाई मशीन घ्यायची होती. माहेरी शिकले होते मी. ब्लाऊज, परकर, सगळं येतंय मला."

मी जागच्या जागी थांबले. म्हटलं, "मग त्या दिवशी बोलल्या का नाहीत?"

ती म्हणाली, "तुम्ही इतकं चांगलं बोलायला होतात, मधी कसं बोलावं?"

मी वाईट बोलले असते तर कदाचित तिने मला अडवलं असतं. मी चांगलं बोलले, म्हणून ती गप्प राहिली. दोन वर्षं ती मुकी आहे असं मी समजत होते. ती मुकी नव्हती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं तेव्हा उत्तर मी दिलं.

आता आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे गप्प राहण्याची दुसरी बाजूही कळेल. माझ्या बहिणीची मुलगी लातूरला शिकवणीसाठी खोली घेऊन राहते. अभ्यासातून कंटाळा आला की भावाबरोबर मोबाईलवर तो बंदुकांचा गेम खेळते. त्यात पडद्यावरचा गडी बोलत नाही, खेळणारी पोरंच माईकवरून एकमेकांशी बोलतात. सुट्टीत आली तेव्हा मी बघितलं, हिचा माईक कायम बंद. विचारलं, "तू का बोलत नाहीस गं?" ती म्हणाली, "मावशी, मुलीचा आवाज आला की समोरची पोरं खेळ सोडून भलतंच बोलायलेत. माईक बंद ठेवला की निवांत खेळता येतंय. आणि मी त्यांना हरवते, त्यांना कळत पण नाही."

म्हणजे तिनेही सॅमससारखं चिलखत घातलं आहे. त्यात तिची हुशारी आहे, पण मला वाईटही वाटलं. खेळतानाही पोरीला आवाज लपवावा लागतो. ज्यांच्या घरात मुलगे आहेत त्या आयांना मी हात जोडून सांगते, लेकरू माईकवर काय बोलतं ते कधीतरी जवळ बसून ऐका. आणि ज्यांच्या घरात मुली आहेत त्यांनी मुलीला खेळ बंद करायला सांगण्याआधी तिला कुणी काय बोललं ते विचारा. चूक तिची नाही. तिला त्रास देणाऱ्याला गेममधूनच अडवता येतं, त्याची तक्रारही करता येते. ते कसं करायचं हे बहुतेक लेकरांना माहीत असतं. आपण पाठीशी आहोत एवढंच त्यांना कळायला हवं.

तर मग मुक्या नायकाला आवाज द्यावा की नाही? माझं मत आता असं झालं आहे.

जिथे तो नायक म्हणजे चिंध्यांची बाहुली आहे, खेळणाऱ्याने आपलं मन त्यात भरायचं आहे, तिथे त्याला मुकाच राहू द्यावा. लेकराच्या तोंडचे शब्द काढून घेऊ नयेत. पण जिथे गोष्ट तिची आहे, तारामतीसारखी, तिचं गाव, तिचं लेकरू, तिचं दुःख, तिथे तिला आवाज दिलाच पाहिजे. आणि आवाज देताना नुसता गळा देऊन भागत नाही, शब्दही तिचेच पाहिजेत. सॅमसचंच बघा. २०२१ सालच्या मेट्रॉइड ड्रेड या गेममध्ये ती जवळजवळ काहीच बोलत नाही. एकाच ठिकाणी थोडं बोलते, आणि ज्यांनी तिला वाढवलं त्यांच्या भाषेत बोलते. बोलणं थोडं आहे, पण तिथे ती कुणाची परवानगी मागत नाही.

भाषेचं मी मघाशी राखून ठेवलं होतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने २०२० साली राजी नावाचा गेम काढला. राजी ही आपल्याकडच्या सर्कशीत काम करणारी पोरगी. असुर तिच्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती त्याला शोधत निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगत राहतात. गेमच्या जगातल्या मोठ्या पुरस्कारांत, पदार्पणातल्या उत्तम गेमसाठी त्या वर्षी त्याचं नाव पुढे गेलं होतं. आधी तो इंग्रजी आवाजात होता, नंतर हिंदी आवाजात आला. मराठीत बोलणारी, त्यातही आपल्या नांदेड-लातूरकडचं 'करायलाव, जायलाव' बोलणारी नायिका मी तरी अजून पाहिलेली नाही. या रेडिओवर बोलणाऱ्या आपल्या बायांचे आवाज काय कमी आहेत? उद्या कुणी असा गेम करायला निघालं तर गावातल्या बाईचं बोलणं शहरातल्या मुलीकडून नक्कल करून घेण्यापेक्षा आपल्याकडे यावं. आपण सांगू, शेळी मेल्यावर बाई काय बोलते ते.

आता गटाचं. त्या दिवसापासून मी माझ्या कामात दोन बदल केले. एक, बैठकीत पहिलं बोलणं सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाईचं. ती एकच वाक्य बोलली तरी चालेल, पण तिच्या आधी अध्यक्ष नाही, सचिव नाही आणि मीही नाही. दोन, बँकेत किंवा पंचायत समितीत कुणाच्या वतीने बोलायचंच असेल, तर आदल्या दिवशी तिच्या घरी जाऊन, चुलीपुढे बसून विचारायचं, 'तुला काय पाहिजे?' आणि तिने सांगितलेले शब्द तसेच वहीत लिहायचे. मुदलात ती स्वतः बोलायला तयार असेल, तर आपण बाजूला बसायचं.

तुमच्या गटातही येत्या बैठकीत हे करून बघा. ज्या बाईचं नाव नोंदवहीत दर वेळी असतं पण आवाज कुणाला आठवत नाही, तिला आधी विचारा. ती लगेच बोलणार नाही. थोडं थांबा. मधलं रिकामं आपण भरू नका.

आमच्या त्या बाईने या वर्षी दुसऱ्या कर्जासाठी अर्ज केला. बँकेत साहेबांनी विचारलं, "कशासाठी?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली वहीत बघत बसले. थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "शिलाई मशीन. पायानं चालवायची. मोटर नको, आमच्याकडं लाईट राहत नाही."

मोटरचं मला सुचलंच नसतं.

बरं, दूध उतू जाईल कुणाचं, आता थांबते. रामराम, नमस्कार.